दोन आखूड शिट्ट्या

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. ज्यांच्याबरोबर हे घडलं त्यांच्यातल्या दोघींशी मी स्वतः बोलले आहे. एक माझी सख्खी आत्या. दुसरी कोण, ते ओघात येईलच.

आणि आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही. काळोख नाही, वादळ नाही, पडकं घर नाही.

जे झालं ते मागच्या वर्षी, एका रविवारी, भर दुपारी झालं. लख्ख ऊन पडलेलं असताना.

माझी आत्या दातांच्या लॅबमध्ये काम करते. जबड्यांचे साचे ओतायचे, कवळ्या घासायच्या, दिवसभर नाकातोंडात पांढरी भुकटी. "आठवडाभर परक्यांचे दात बघितले की रविवारी झाडं बघावीशी वाटतात गं," असं म्हणायची. त्यातूनच तिने पायी सहली काढायला सुरुवात केली. शहरापासून जवळचं एखादं जंगल निवडायचं, सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी घरी. परवानगी, गाडी, पाणी, औषधांची पिशवी... सगळं तीच बघायची. आणि चोख बघायची. तिच्या सहलीत कुणाचा साधा पाय मुरगळला तरी ती रात्रभर तळमळायची.

तिचा एकच हट्ट असायचा. कुणी मागे राहता कामा नये.

म्हणून सगळ्यात पुढे ती, आणि सगळ्यात मागे भाऊजी. भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. शांत माणूस. दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. आत्याने एक लांब शिट्टी मारली की मागून भाऊजींच्या दोन आखूड शिट्ट्या यायच्या. त्याचा अर्थ, मागे सगळं ठीक आहे, चालत राहा.

कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या रविवारी जंगल नवीन होतं. नवीन म्हणजे, आत्या आणि भाऊजी आधी एकदा जाऊन वाट बघून आले होते. वाट सोपी होती. वनखात्याच्या चौकीपासून ओढ्याच्या काठाने वर, मग दाट रान, मग एक मोठा मोकळा कातळ. तिथे डबे खायचे आणि आल्या वाटेने परत.

बरोबर माणसंही फार नव्हती. आत्याच्या लॅबमधल्या दोघी. आमच्या गल्लीतलं मेडिकलचं दुकान चालवणारं जोडपं. आमच्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या टेलरकाकू. आणि इंजिनिअरसाहेब. साहेब आता रिटायर झाले होते, पण जन्मभर पूल बांधलेले, त्यामुळे समोर माणसं दिसली की हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. गाडी निघायला जरा उशीर झाला, तर खाकरून म्हणाले, "मॅडम, तुमचं नियोजन चुकलंय."

आत्या हसली. पण तिला ते लागलं. तोंडावर कुणी असं बोललेलं तिला खपत नाही.

चौकीतल्या वनरक्षकाने खिडकीतून कागद घेतला, शिक्का मारला. वर बघितलंसुद्धा नाही.

"एकत्र राहा," तो म्हणाला.

"आम्ही एकत्रच राहतो," आत्या म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात."

आणि त्याने खिडकी लावून घेतली.

चढ सुरू झाल्यावर लॅबमधल्या दोघी हळूहळू मागे पडायला लागल्या. नेहमीचंच होतं ते. भाऊजी त्यांच्याबरोबर होते, त्यामुळे आत्याला काळजी नव्हती. ती मधून मधून लांब शिट्टी मारायची. मागून दोन आखूड यायच्या. पुढे ती, साहेब, मेडिकलवाला, त्याची बायको आणि टेलरकाकू. काकू नवऱ्याचे किस्से सांगत होत्या. मेडिकलवाल्याची बायको पोट धरून हसत होती.

मग दाट रान लागलं.

आत्या सांगते, आधी तिच्या काही लक्षातच आलं नाही. किडे किरकिरत होते, पाखरं ओरडत होती, खाली ओढा वाहत होता...

आणि मग नव्हतं काहीच.

पायाखालची पानं वाजायची, तेवढंच. काकूंचा किस्सा अर्ध्यावर थांबला. का थांबला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

आत्याने शिट्टी मारली. एक लांब.

दोन आखूड आल्या.

पण... लवकर आल्या. आत्याने शिट्टी ओठांवरून काढलीही नव्हती, तेवढ्यात. जणू कुणीतरी तिच्या शिट्टीचीच वाट बघत टपून बसलं होतं.

"भाऊजी जवळच आलेत वाटतं," ती म्हणाली.

कातळावर पोचल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. ऊन, वारा, मोकळं आभाळ. सगळे सावली बघून टेकले. डबे उघडायचे नाहीत, आत्या म्हणाली. मागचे आल्याशिवाय नाही.

वाट बघितली.

कुणी येईना.

आत्याने शिट्टी मारली. लगेच दोन आखूड. अगदी जवळून, रानातल्या शेवटच्या वळणाच्या पलीकडून.

"आले, आले," काकू म्हणाल्या.

पण वळणावर कुणी दिसेना. मेडिकलवाला उठून बघायला गेला. वळणापर्यंत गेला, पलीकडे डोकावला, आणि खांदे उडवत परत आला. "वाट रिकामी आहे."

आत्याने पुन्हा शिट्टी मारली.

दोन आखूड. त्याच वळणापलीकडून.

"चेष्टा करतायत का हे लोक?" साहेब चिडले. "पोटात कावळे कोकलतायत इथे."

आत्याला आता भाऊजींचा राग यायला लागला होता. असला पोरकटपणा त्यांनी कधी केला नव्हता. तेवढ्यात मेडिकलवाल्याची बायको तळव्यात काटा गेल्याचं म्हणाली. आत्याने पाठीवरची बॅग काढली, औषधांची पिशवी उघडली, चिमटा शोधायला आत हात घातला...

हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं.

तिने ते बाहेर काढलं.

पिवळी शिट्टी. तुटलेल्या दोरीची.

भाऊजींची.

तिला एकदम सगळं आठवलं. सकाळी गाडीत दोरी तुटली म्हणून भाऊजींनी शिट्टी तिच्या हातात दिली होती. "वहिनी, दुसरी दोरी बांधून द्या." तिने पिशवीत टाकली आणि उतरायच्या गडबडीत दोघंही विसरून गेले.

शिट्टी सकाळपासून तिच्या पाठीवर होती.

मग इतका वेळ...

ती तळहातावरच्या शिट्टीकडे बघत असतानाच रानातून आवाज आला.

दोन आखूड.

या वेळी तिने शिट्टी मारलीच नव्हती.

"बोटं तोंडात घालून वाजवत असतील," मेडिकलवाला म्हणाला. पण त्याचा आवाज कोरडा पडला होता. भाऊजींना बोटांनी शिट्टी वाजवता येत नाही हे आत्याला माहीत होतं. तरी ती काही बोलली नाही. बोललं की खरं होईल असं तिला वाटलं.

मग शिट्ट्या बदलल्या.

एकापाठोपाठ एक, लांब, ओरडल्यासारख्या. आणि आता त्या वाटेवरून येत नव्हत्या. कातळाच्या डाव्या अंगाला उतारावर झुडपं होती आणि त्यापलीकडे दरी होती. तिथून येत होत्या.

साहेब ताडकन उठले. "ही मदतीची खूण आहे. वाट चुकून खाली उतरलेत ते. कुणीतरी पडलंय."

"थांबा साहेब," आत्या म्हणाली. तिने तळहात पुढे केला. "भाऊजींची शिट्टी ही माझ्याकडे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडे कोण वाजवतंय ते मला माहीत नाही."

साहेबांचा पारा चढला. "तुमची माणसं तिकडे जिवाच्या आकांताने बोलावतायत आणि तुम्ही इथे भुताखेताच्या गप्पा मारताय? लाज वाटायला पाहिजे!"

"तुम्ही एकटे जाऊ नका. माझं ऐका."

"सकाळपासून तुमचंच ऐकतोय."

तिने त्यांचा दंड धरला. साहेबांनी तो झटकला, इतक्या जोरात की ती मागे कोलमडली. मेडिकलवाला मध्ये पडायला आला, तर त्यालाही ढकललं. ते तरातरा झुडपांत शिरले. पांढरी टोपी थोडा वेळ दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली.

शिट्ट्या थांबल्या.

बराच वेळ काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

मग साहेबांचा आवाज आला. मोकळा, खुशीत आलेला. "या, या! सगळे इथेच आहेत. काही झालेलं नाही कुणाला."

काकूंनी मोठा उसासा सोडला. मेडिकलवाल्याची बायको लंगडत उठली, तिने बॅग उचलली. आत्याचाही जीव भांड्यात पडला. तिने पाऊल पुढे टाकलं...

"या ना वहिनी."

आत्या जागच्या जागी थिजली.

साहेब तिला मॅडम म्हणायचे. कायम. आख्ख्या जगात तिला वहिनी म्हणणारा एकच माणूस होता.

"चुकून म्हणाले असतील," काकू पुटपुटल्या.

"साहेब," आत्याने हाक मारली, "तुम्ही वर या. आम्हाला दिसा. मग आम्ही येतो."

झुडपांतून वर कुणी आलं नाही.

मग तोच आवाज, तितकाच खुशीत. "तुम्ही पुढे या वहिनी. बाकीचे येतात आपोआप."

आणि मग खाकरल्याचा आवाज. पाठोपाठ सकाळचं वाक्य, त्याच सुरात, त्याच जागी थांबत.

"मॅडम... तुमचं नियोजन चुकलंय."

मेडिकलवाल्याची बायको रडायला लागली.

साहेबांना तसंच टाकून निघणं आत्याच्या जिवावर आलं होतं. पण बाकीचे तिघं तिच्या भरवशावर होते. खाली चौकीत माणसं होती, दोर होते. तिने डबे, चटई, सगळं तिथेच सोडायला सांगितलं. मेडिकलवाला पुढे, मागे त्याची बायको, तिच्या मागे काकू, आणि शेवटी ती स्वतः. प्रत्येकाने पुढच्याच्या बॅगेचा पट्टा धरायचा.

"बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही. पुढच्याच्या बॅगेवरून नजर हलवायची नाही."

ते रानात शिरले. डावीकडच्या झुडपांतून त्यांच्या बरोबरीने काहीतरी सरकत होतं. ते थांबले की थांबायचं. ते निघाले की निघायचं. एकदा अगदी कानाशी, दोन आखूड शिट्ट्या. एकदा भाऊजींचं हसणं. एकदा तर आत्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "कुणी मागे राहता कामा नये."

तिने काकूंचा पट्टा आणखी घट्ट धरला.

पुढे वाट नागमोडी वळणं घेत खाली उतरते. तिथे खालच्या वळणावर मेडिकलवाला थांबला. समोर दोन वाटा फुटल्या होत्या आणि त्याला कुठली घ्यायची ते आठवेना. "ताई," त्याने दबक्या आवाजात हाक मारली, "कुठे जायचं?"

वाट फक्त आत्यालाच नीट माहीत होती. पुढे व्हायला हवं होतं. तिने पट्टा सोडला, वळण टाळून झुडपांमधून सरळ खाली घसरली आणि मेडिकलवाल्याच्या पुढे येऊन उभी राहिली. त्याने तिचा पट्टा धरला. ती उजवीकडच्या वाटेला लागली.

तिथून चौकीपर्यंत ती सगळ्यात पुढे होती.

मागून बारीक कुजबुज ऐकू येत होती. काकू घाबरून काहीतरी पुटपुटतायत, असं तिला वाटलं. पुटपुटू दे म्हणाली मनात. चालतायत ना, बास.

चौकीच्या पायरीवर भाऊजी बसले होते.

शेजारी लॅबमधल्या दोघी. एकीच्या घोट्याला फडकं बांधलेलं.

"आम्ही कधीचे खाली आलोय वहिनी," भाऊजी म्हणाले. "ओढ्यापाशीच हिचा पाय मुरगळला. मी ओरडून सांगितलं तुम्हाला, आम्ही परत फिरतोय म्हणून."

"मला काही ऐकू आलं नाही."

"असं कसं? तुम्ही लांब शिट्टी मारलीत की. म्हटलं, कळलं वाटतं."

आत्याने वळून चौकीची खिडकी ठोकली.

वनरक्षक आणि त्याचे लोक दोर घेऊन वर गेले. ऊन उतरायच्या आत साहेब सापडले. दरीच्या कडेखाली, एका पुढे आलेल्या खडकावर अडकलेले. कंबरेचं हाड मोडलेलं. पण जिवंत होते, शुद्धीवर होते.

आत्याला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये भेटायला गेली. साहेबांची मुलगी दारातच आडवी आली. "आत यायचं नाही तुम्ही." पण आतून साहेबांचा आवाज आला. येऊ दे तिला, म्हणाले.

ते पाठीवर पडून होते. आत्याकडे त्यांनी जे बघितलं, ते तिला अजून स्वप्नात दिसतं.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं मॅडम?"

"साहेब, मी..."

"माझ्या मागोमाग आलात. कडेपर्यंत बोलत बोलत आलात. आणि दोन्ही हातांनी ढकललंत. पडताना मी वळून बघितलं. तुम्ही हसत होता."

मुलीने पोलिसांत तक्रार दिली.

सगळ्यांना चौकशीला बोलावलं. मेडिकलवाल्याने आणि त्याच्या बायकोने सांगितलं, आत्या पूर्ण वेळ आमच्याबरोबर होती. नंतर तर आमच्या पुढेच होती, वाट दाखवत. पोलिसांनी उलटसुलट विचारून पार वीट आणला, आणि शेवटी तोल जाऊन पडल्याची नोंद करून कागद मिटवले. पण साहेबांच्या घरच्यांनी ते मानलं नाही. आजही त्यांच्यातलं कुणी रस्त्यात दिसलं तर आत्याकडे बघून थुंकतं.

ते एक वेळ तिने सहन केलं असतं.

पण चौकशीच्या दिवशी पोलीस स्टेशनच्या बाकावर टेलरकाकू तिच्याशेजारी येऊन बसल्या. आत्याचा हात हातात घेतला.

"ताई, जिवाला घोर लावून घेऊ नका. मी इन्स्पेक्टरसाहेबांना ठणकावून सांगितलंय आत. म्हटलं, या बाई कातळावरून निघाल्यापासून चौकी येईपर्यंत माझ्या मागे होत्या. माझ्या बॅगेचा पट्टा धरून."

आत्याने फक्त मान हलवली.

"मध्ये त्या वळणावर क्षणभर सोडलात तेवढंच. पण लगेच परत धरलात की."

आत्या सांगते, तिला त्या वेळी ओरडायचं होतं. तिने काकूंना काहीच सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही. सांगून त्या बाईचं काय करायचं?

हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं. सहली बंद झाल्या, शिट्ट्या भाऊजींनी कुठेतरी फेकून दिल्या.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही.

गेल्या महिन्यात मी काकूंच्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकायला गेले. काकू टेप गळ्यात अडकवून माझं माप घेत होत्या. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काकू, त्या दिवशी परत येताना तुम्ही काहीतरी पुटपुटत होता म्हणे. आत्या सांगत होती."

"मी कुठली पुटपुटतेय? तुझ्या आत्याच बोलत होत्या माझ्याशी."

"...काय बोलत होती?"

"अगं, हळूच. कानाशी. मला भीती वाटू नये म्हणून बिचाऱ्या काहीबाही विचारत होत्या. घरी कोण कोण असतं, कोण कुठे झोपतं." काकू हसल्या. "आपणच म्हणाल्या होत्या बोलायचं नाही, आणि आपणच बोलत सुटल्या. मला तर गंमतच वाटली. स्वतःच्या भावाच्या घरचंसुद्धा मलाच विचारत होत्या. म्हटलं घाबरल्यात, बोलू दे."

तिचा भाऊ म्हणजे माझे बाबा.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? जे माहीत आहे ते. तुझे आईबाबा, तुमचं ते कोपऱ्यावरचं घर. तुझं नावही सांगितलं." काकूंनी दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि टेप सरळ केली. "ते तर दोनदा विचारलं त्यांनी."

पंखा फिरत होता. बाहेर रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. भर दुपार होती.

"वळ बघू," काकू म्हणाल्या, "पाठीचं माप घेते."

मला वळवेना.